इंजिन गेलं : स्वतः बदलायचं की नाही, हे कसं ठरवायचं

"इंजिन गेलं, बदलावं लागेल." गॅरेजमध्ये बॉनेट उघडून पाचव्या मिनिटाला कुणी असं म्हटलं की पोटात गोळा येतो. खर्चाचा आकडा ऐकून तो आणखी मोठा होतो. मग रात्री जागून इंजिन उतरवण्याचे व्हिडिओ बघितले जातात आणि सकाळपर्यंत वाटायला लागतं की हे तर आपणही करू. करता येतं. आम्ही केलंय, एकदा. त्याआधी एकदा करण्याची गरजच नव्हती, हे वेळेवर कळल्यामुळे वाचलोही. दोन्ही वेळा एकच गोष्ट पटली. नट खोलणं हा या कामातला सोपा भाग. अवघड निर्णय पहिला पाना लावायच्या आधीचे असतात, आणि ते घाईत घेतले की पैसाही जातो आणि गाडी महिनोन्महिने ठोकळ्यांवर उभी राहते.

ज्यांनी ऑइल, फिल्टर, बॅटरी, फार तर ब्रेक पॅड यापलीकडे गाडीला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं जुन्या आल्टोची आहेत : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, टायमिंग बेल्टवालं (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा पट्टा) साधं पेट्रोल इंजिन. शिकायला याहून सरळ इंजिन आपल्याकडे क्वचितच मिळेल.

पहिलं काम : इंजिन खरंच गेलंय का?

माझी आल्टो साखरप्याहून आंबा घाट चढताना गरम झाली. काटा लाल पट्टीवर गेला तरी वर गावात पोहोचूनच थांबू म्हणून मी ती तशीच रेटली. वर पोहोचलो तेव्हा गाडी धडधडत होती, ओढत नव्हती आणि मागून पांढरा धूर येत होता. टो करून कोल्हापुरात आणली. एका गॅरेजने न खोलताच सांगितलं, "पूर्ण इंजिन बदला." सुदैवाने मी ती दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "साहेब, गरम झाल्यावर किती चालवली, खरं सांगा." मी खरं सांगितलं. मग त्यांनी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजायचं मीटर, काढला.

हा गेज तुम्हीही वापरू शकता. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सगळे स्पार्क प्लग काढायचे, फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडायचे. एका सिलिंडरच्या प्लगच्या भोकात गेज आवळायचा, आत बसलेल्या माणसाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे स्टार्टर मारायचा. आकडा कागदावर लिहायचा, मग पुढचं सिलिंडर. किती हवं हे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलात असतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. माझ्या गाडीत पहिलं सिलिंडर बारा किलो दाखवत होतं, दुसरं आणि तिसरं चारच्या आसपास. शेजारशेजारची दोन सिलिंडरं एकदम आणि सारखीच पडली, तर बहुतेक वेळा त्यांच्यामधलं हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचा खालचा मोठा भाग (ब्लॉक) आणि वरचं झाकण (हेड) यांच्यातली पातळ चकती, जळलेलं असतं. हेड उतरवल्यावर तसंच निघालं. दोन सिलिंडरांमधल्या पट्टीवर काळी, करपलेली वाट दिसत होती आणि स्टीलपट्टी आडवी धरल्यावर तिच्याखालून फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातळ पान सरकत होतं. म्हणजे हेड वाकलं होतं. ते फेस करून (घासून सपाट करून) आणलं, नवं गास्केट घातलं, गाडी आजही चालू आहे.

एखादंच सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर पिस्टन रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलाय, कारण ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. जागचा हलला नाही तर दुखणं वर आहे : व्हॉल्व्ह किंवा गास्केट. वरच्या दुखण्यासाठी अख्खं इंजिन बदलायची गरज नसते.

"इंजिन जॅम झालं" हे निदानही तपासून घ्या. गाडी न्यूट्रलला, प्लग बाहेर, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो खालचा मुख्य दांडा) पुलीच्या बोल्टवर गोटी (सॉकेट) लावून लांब दांड्याने इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हळू फिरवा. हललं नाही तर बाहेरचे पट्टे काढून पुन्हा बघा. कधी कधी इंजिन ठीक असतं आणि एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर अडकलेला असतो. उलट स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरत असेल, गाडी मात्र अजिबात पकडत नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. तेही हेडचंच काम.

ऑइलची काडी ओढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ऑइल पॅन काढल्यावर तळाशी चकचकीत चुरा सापडला तर बेअरिंग झिजलंय. खालून जड ठोका येतो आणि गाडी रेस केली की वाढतो, तोही बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉडचा (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा).

पुरात बुडालेल्या गाडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आमच्या भागात २०१९ आणि २०२१ मध्ये हे घरोघरी घडलं. पाणी ओसरलं की माणूस पहिलं काय करतो, तर किल्ली फिरवतो. तेच करायचं नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. शाहूपुरीत आमचे एक काका राहतात, त्यांच्या आल्टोत २०१९ च्या ऑगस्टमध्ये सीटपर्यंत पाणी होतं. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी अडखळून सुरूही झाली आणि थोडा ठोका घेऊन काही आठवडे चालली. मग एक दिवस वाकलेला रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. बुडालेल्या गाडीला हात लावायच्या आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअरने बघेपर्यंत काही खोलू नका. साध्या पॉलिसीत पाण्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं. तुमचं आहे का, हे पॉलिसी काढून वाचा.

दुसरा प्रश्न : ब्लॉक जिवंत आहे का?

माझ्या मते संपूर्ण निर्णय या प्रश्नावर फिरतो, आणि व्हिडिओंमध्ये नेमका हाच सापडत नाही. बाहेरच्या देशांत जुनं इंजिन आणून टाकणं सोपं पडतं, म्हणून तिथले लोक तेच दाखवतात. आपल्याकडे ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आरसीवर छापलेला असतो. ब्लॉक तोच राहिला तर नंबर तोच राहतो आणि आरटीओचा विषयच निघत नाही. शिवाय आपल्याकडे मशीनकाम करणारे लेथवाले गावोगाव आहेत. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात ब्लॉक टेकवला की बोअर मोजून मिळतो, तो मोठा करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन बसवता येतात, क्रँक घासून मिळतो, हेड फेस होतं, व्हॉल्व्हच्या सीट कापून मिळतात. याला आपण नुसतं "इंजिन काम" म्हणतो. रिंगा गेल्या, बोअर झिजला, बेअरिंग गेलं, क्रँकला रेघा पडल्या, तरी ब्लॉकला तडा नसेल तर आधी इंजिन कामाचा विचार करा. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो बोअर करता येतो की नाही, हे लेथवाल्यालाच विचारून घ्या. सगळ्या ब्लॉकना ते चालत नाही.

इंजिन बदलायचंच, हे मी फक्त तीन परिस्थितींत म्हणेन. एक, काकांच्या गाडीसारखा रॉड बाहेर आलाय. दोन, ब्लॉकला तडा गेलाय. तीन, मशीनकाम आणि सुट्या भागांचा हिशेब चांगल्या, कागद असलेल्या इंजिनाच्या पुढे जातोय.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. इंजिन बदलणं त्यात येतं. नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची मंजुरी आधी घ्यायची आणि बदल केल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची, असा क्रम धरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणारा बदल केल्यास गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागेल. आरसीवर नवा नंबर आला की विमा पॉलिसीतही तो बदलून घ्या, नाहीतर पुढे अपघात झाला तर क्लेम इथेच अडकतो.

म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा : कोणते कागद लागतील, कोणता अर्ज भरायचा, गाडी दाखवायला कधी आणायची. हा एक दिवस वाया गेला असं वाटेल, पण पुढचे कित्येक हेलपाटे वाचतात.

इंजिन आणायचं कुठून

जुन्या इंजिनांचा बाजार मोठा आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि प्रत्येक मोठ्या शहरात अशी एखादी गल्ली असते. माल चांगलाही मिळतो आणि चोरीचाही मिळतो. काकांसाठी आम्ही बघितलेलं पहिलंच इंजिन स्वच्छ होतं, भाव कमी होता, पण विकणारा म्हणाला, "पावतीचं काय घेऊन बसलाय, नंबर घासून देतो." आम्ही तिथून निघालो. नंबर घासलेलं इंजिन कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचं असू शकतं, आणि मग पोलीस तुमच्या दारात येतात.

हे सगळं हातात येईपर्यंत पैसे देऊ नका : जीएसटी असलेली पावती, तीवर लिहिलेला इंजिन नंबर, ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत किंवा ती भंगारात निघाल्याचा दाखला. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं सुरू झाली आहेत, तिथून आलेल्या मालाला कागद असतात.

इंजिन त्याच मॉडेलचं आणि त्याच उत्सर्जन टप्प्याचं हवं. बीएस-३ च्या गाडीत बीएस-४ चं इंजिन टाकलं की सेन्सर, वायरिंग आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जुळत नाहीत, आणि आरटीओतही प्रश्न निघतो. दुकानातच ऑइलचं झाकण उघडून आत बघा. काळी घट्ट साय दिसली तर त्या इंजिनाला वेळेवर ऑइल मिळालेलं नाही. क्रँक हाताने फिरवून बघा आणि गेज लावू द्या म्हणा. जो विक्रेता गेज लावू देत नाही, त्याचं इंजिन घेऊ नका.

जागा आणि हात

आता तुमच्याकडे वळू. खालची सिमेंटची फरशी सपाट आणि पक्की हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅक स्टँड सरकतो, मातीत रुततो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम धरू नका. तीन-चार आठवडे गाडी उघडी पडेल, खाली ऑइल सांडेल, आणि शेजाऱ्यांशी नाहक वाद होईल. जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम सुरूच करू नका.

इंजिन उचलायला इंजिन क्रेन भाड्याने मिळते. ती नसेल तर चेन कुप्पी (साखळीने वजन उचलायची पुली) लागते, आणि ती कुठे लटकवायची हा खरा प्रश्न. अनेक जण पत्र्याच्या शेडच्या अँगलला लटकवतात. तो अँगल पत्र्याचं वजन पेलायला बसवलेला असतो, इंजिनाचं नाही. लोखंडी घोडी करून घ्या किंवा भाड्याने आणा. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीच न्यायचं नाही, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. स्टँड लागलेच पाहिजेत.

स्वतःची परीक्षा घ्यायला मी एक कसोटी वापरायला सांगतो. स्टार्टर मोटर काढा आणि परत बसवा. त्यात गाडी वर घेणं, बॅटरी सोडणं, न दिसणारा बोल्ट हाताने शोधणं, गंजलेला नट न मोडता सोडवणं आणि शेवटी सगळं जुळवून गाडी सुरू करणं, हे सगळं येतं. संध्याकाळपर्यंत गाडी सुरू झाली आणि एकही नट हातात उरला नाही, तर पुढचा विचार करा. टायमिंग बेल्ट कधीच बदलला नसेल तर इंजिन बदलणं हे तुमचं पहिलं मोठं काम होऊ देऊ नका.

मधला मार्गही आहे आणि नवख्यांसाठी मला तोच सगळ्यांत योग्य वाटतो. ओळखीच्या मिस्त्रींना दोन दिवसांसाठी बोलवा : एक इंजिन उतरण्याचा, एक बसण्याचा. मधली साफसफाई, भाग आणणं, लेथवाल्याकडे फेऱ्या, जुने पाइप बदलणं हे तुम्ही करा. काकांचं इंजिन आम्ही असंच बदललं. पाच रविवार लागले.

या गाड्यांना हात लावू नका

कॉमन रेल डिझेल असेल तर नवख्याने थांबावं. त्यातला डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि चालू इंजिनाच्या बारीक गळतीतून उडालेली धार कातडी फोडून आत जाते. तिथे ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. सीएनजी गाडीच्या सिलिंडरात साधारण दोनशे बार दाब असतो, तिची पाइपलाइन फक्त अधिकृत माणसाने सोडायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो, हायब्रिड, आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या यांतही संगणक इतका गुंतलेला असतो की चांगल्या स्कॅनरशिवाय गाडी पूर्ण सुरळीत होत नाही.

हिशेब

वहीत डाव्या बाजूला गॅरेजचा पूर्ण लेखी आकडा लिहा, तोंडी नको. उजव्या बाजूला इंजिनाची किंमत लिहून तिथेच थांबू नका. त्याखाली गास्केट किट, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इंजिन माउंटिंग, होज पाइप, ऑइल, कूलंट, टो करण्याचा खर्च, हत्यारांचं भाडं, मिस्त्रींची मजुरी आणि आरटीओची फी लिहा. क्लच आणि मागचं सील इंजिन बाहेर असताना हाताशी असतात, नंतर त्यांच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तिथे काटकसर नको. बेरजेवर चौथा हिस्सा वाढवा, कारण काही ना काही मोडतंच.

मग गाडीचं वय बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. चौदा वर्षांच्या गाडीत पत्रा सडला असेल तर नव्या इंजिनाचा पैसा त्या पत्र्याबरोबरच जाईल. गाडी कामावर जायला रोज लागत असेल तरी स्वतः करू नका. घाईत माणूस चुकतो.

ठरलंच असेल तर

पहिला नट सोडायच्या आधी मोबाइलने सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायरच्या कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि पिशवीवर कुठले ते लिहा. आम्ही जुन्या वर्तमानपत्रावर हेडचा आराखडा काढून त्यात भोकं पाडली आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचून ठेवला. लांब-आखूड बोल्टांची अदलाबदल झाली नाही ती त्यामुळेच.

पेट्रोलचा दाब उतरवायला फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची किंवा स्टार्टर मारायचा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि त्यानंतरच पाइप सोडायचा. एसीचे पाइप मात्र सोडूच नका. कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून मोकळा करून पाइपांसकट बाजूला बांधून ठेवा. आतला गॅस अंगावर आला तर कातडी गोठवतो, आणि गॅस पुन्हा भरण्याचा खर्चही वाचतो. कूलंट बादलीत गोळा करा. तो चवीला गोड असतो, कुत्री-गुरं चाटतात आणि मरतात.

काही गाड्यांचं इंजिन वरून निघतं, काहींचं सबफ्रेमसकट खालून. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय माउंटिंग सोडू नका. उचलताना अडलं तर ओढू नका, थांबून बघा. एखादी वायर किंवा अर्थची पट्टी राहिलेली असते. आमची स्टार्टरजवळची राहिली होती.

नवं इंजिन बाहेर असतानाच त्याच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि दोन-तीन पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवा. बसवल्यावर तो नंबर इतका आत जातो की आरटीओत प्रिंट घेताना हात सोलून निघतो. हेड, फ्लायव्हील आणि माउंटिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) आणि मॅन्युअलातल्या क्रमानेच आवळा, नुसत्या अंदाजाने नाही.

पहिल्यांदा सुरू करताना लगेच किल्ली पूर्ण मारू नका. कॉइल सोडून ठेवा आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारा, म्हणजे बेअरिंगांत ऑइल पोहोचतं. मग कॉइल जोडून सुरू करा. रेस करू नका. खाली वाकून गळती बघा, कूलंटमधली हवा निघू द्या, पंखा आपोआप सुरू होतोय का ते बघा. काकांची गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही दहा मिनिटं फक्त तापमानाच्या काट्याकडे बघत उभे होतो. पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरांत ऑइल बदला आणि माउंटिंग पुन्हा आवळा.

जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या. आणि जुना, फुटलेला ब्लॉक लगेच भंगारात घालू नका. आरसीवर नवा नंबर छापून येईपर्यंत तो घरीच, नंबर दिसेल असा ठेवा.